तोंडावर बॅटरी मारायची नाही

कमलविलास टॉकीजच्या जागी आता हिरवे पत्रे लावलेत. टेंभी नाक्यावरून जाताना शालू अजून विचारते, "आई, आजोबांचं थेटर कुठाय?" मी सांगते, पत्र्यांच्या मागे. खरं तर पत्र्यांच्या मागे खड्डा आहे आणि त्यात पाणी साठलंय. एके ठिकाणी दोन पत्र्यांच्या मध्ये फट आहे, वीतभर आणि वर चार बोटं. साडेचार वर्षांचं मूल आडवं होऊन आत जाऊ शकतं. तिथून जाताना मी शालूला कडेवर घेते. ती आता जड झालीय, पण घेते.

मला हे असं मोजायची सवय आहे. शालू रांगायला लागली तेव्हापासून प्रत्येक जिना, प्रत्येक कठडा, पाण्याने भरलेली प्रत्येक बादली माझ्या डोक्यात असते. माझा नवरा गणेश हसतो. "तू आई आहेस की वॉचमन?" म्हणतो. हसू दे. बाबांच्या डोळ्यांचं घरात सगळ्यात आधी कळलं ते या वॉचमनलाच. कळूनही काही करता आलं नाही, ती गोष्ट वेगळी. तीच सांगायची आहे.

बाबा म्हणजे माझे सासरे, काळुराम. आमचं घर कळव्याला. एकेकाळी यांची खाडीकडेला भातशेती होती, मिठागर होतं. मिठागर बंद पडलं, शेतांवर इमारती उठल्या, आणि मी लग्न होऊन आले तेव्हा घर तीन मजली झालेलं होतं, खाली चार गाळे भाड्याने दिलेले. असल्या घरातला कर्ता माणूस रोज सकाळी अकराला खाकी शर्ट घालून, खाडीचा पूल चालत ओलांडून ठाण्याला जायचा आणि कमलविलासच्या बाल्कनीच्या दाराशी उभा राहून तिकिटं फाडायचा. डोअरकीपर. छत्तीस वर्षं.

लग्नाच्या बोलणीत माझ्या वडिलांनी विचारलं होतं, "वडील काय करतात?" आम्ही ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टरमधली माणसं, आम्हाला असे प्रश्न पडतात. गणेश आधी पाणी प्यायला आणि म्हणाला, "थिएटर लाइनमध्ये आहेत." माझ्या आईला कितीतरी दिवस वाटत होतं की व्याही नाटकात काम करतात.

"सोडा की आता," गणेश दर महिन्याला त्यांना सांगायचा. "आपल्याला काय कमी आहे? नाक्यावर पोरं मला विचारतात, तुझा बाप अजून बॅटरी मारतो काय म्हणून."

"मारतो," बाबा म्हणायचे. "पन कोनाच्या तोंडावर नाय मारत. सांग त्यांना."

हा त्यांचा नियम होता. खेळ सुरू झाल्यावर कुणी उशिरा आलं, तर उजेड त्याच्या पायांपुढे टाकायचा. तोंडावर कधीच नाही. अंधारात कोण कोणाच्या शेजारी बसलंय, कोण रडतंय, ते बघणं डोअरकीपरचं काम नाही. आणि गिऱ्हाइकाच्या पुढे चालायचं ते उलटं चालायचं, तोंड त्याच्याकडे, पाठ पडद्याकडे, म्हणजे उजेड बरोबर त्याच्या पायांशी पडतो आणि तो कुठे अडखळतोय ते दिसतं. बाल्कनीच्या पायऱ्या होत्या बावीस; आत यायचं दार वरच्या टोकाला, बाहेर पडायचं तळाशी. रांगेच्या टोकाच्या खुर्चीवर पितळेची बिल्ल्याएवढी चकती आणि तिच्यावर अक्षर. बाबा उलटे उतरत जायचे, मागे हात नेऊन अंगठ्याने चकती चाचपायचे आणि म्हणायचे, "जी. आत तिसरी."

लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा मी पडद्यावरचं कमी बघितलं आणि बाबांना जास्त. घरात पाटावर बसताना गुडघे धरणारा माणूस तिथे मांजरासारखा चालत होता.

कमलविलास तेव्हाही जुनं होतं, पण त्याचा रुबाब होता. दारातून आत गेलं की रुंद मोझॅकचा जिना, जिन्याच्या दोन बाजूंना प्लॅस्टरचे दोन हंस. आतल्या छताला एक अवाढव्य कमळ, त्याच्या प्रत्येक पाकळीच्या मागे बल्ब. खेळ सुरू व्हायच्या आधी घंटा व्हायची, आणि पाकळ्या बाहेरून आत एकेक करून विझत जायच्या. शेवटी फक्त मधला देठ उरायचा. मग तोही जायचा. तेवढ्यासाठी लोक वेळेवर यायचे.

आणि बाल्कनीच्या मागे, सगळ्यात वर, काचेची एक खोली होती. बाळखोली. रडणारं मूल घेऊन बाईने तिथे बसायचं. आत वेगळा स्पीकर, चार खुर्च्या, आणि छताला पाळणा टांगायची कडी. शालू तीन महिन्यांची असल्यापासून मी तिथे जायचे. ती घसा फोडून रडली तरी खालचं एकही डोकं मागे वळायचं नाही. पहिलं मूल असलेल्या बाईला हे केवढं सुख असतं ते मी कुणाला समजावू शकणार नाही. बाबा मध्येच दार ढकलून डोकवायचे. "झोपली काय?" म्हणायचे आणि काचेशी पाठ करून उभे राहायचे, राखणीला.

मग केबल आली. पुढची तीन-चार वर्षं मी कमलविलास मरताना बघितलं. आधी पंखे गेले, एकेका रांगेवरचे. मग कबुतरं आली, ती पडद्यासमोरून उडायची आणि त्यांची सावली हिरॉइनच्या तोंडावर पडायची. एका हंसाची मान तुटली आणि आतली तार बाहेर आली. कमळाच्या निम्म्या पाकळ्या लागेनाशा झाल्या, ते एका बाजूने वाळल्यासारखं दिसायचं. मॅटिनीला बाल्कनीत आठ माणसं असायची, कधी पाच. मॅनेजर महिपतराव दारातच उभे राहून सांगायचे, "कुठंही बसा हो, सगळं तुमचंच आहे."

कुठेही बसा. त्या एका वाक्याच्या आड बाबा कितीतरी दिवस लपले होते.

त्याच सुमाराला कळव्यात कुजबूज सुरू झाली की काळुराम ओळख देत नाही. नाक्यावर, देवळात, मासळीबाजारात लोक हात करायचे आणि बाबा सरळ पुढे जायचे. आमच्या शेजारचा पोपट तर आईंना, म्हणजे माझ्या सासूबाई आवडाबाईंना, ओट्यावर येऊन म्हणाला, "वयनी, जमीन विकली ती तुमीच काय गावात? दादा बगत पन नाय आता आमच्याकडं."

आईंना ते फार लागलं. रात्री जेवताना त्यांनी बाबांना धारेवर धरलं. "चार गालं बांदले म्हनून मान वर करून चालाचा? पोपट लहानपनी आपल्या पानात जेवलाय. त्याला नाय ओळखला तुमी?"

"ध्यान नसल," बाबा म्हणाले.

"ध्यान नसाला काय झाला? शेट झालात?"

बाबा हसले. "झालो," म्हणाले. "शेट झालो. वाढ भात."

घरातल्या सगळ्यांनी ते मान्य केलं होतं. गणेशनेही. आमच्याकडे जमिनीचा पैसा आल्यावर माणूस बदलतो हे सगळ्यांनी इतक्या घरांत पाहिलं होतं, की बाबाही बदलले यात कुणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी संध्याकाळी बाबा शालूला कडेवर घेऊन ओट्यापाशी आले आणि तिला ओट्यावर बसवायला वाकले. ओटा एक वीत पुढे होता. त्यांनी तिला हवेत ठेवलं.

मी उंबऱ्यात होते. कशी पोचले माहीत नाही. शालूचं डोकं माझ्या तळहातावर आलं, माझा हात फरशीवर आपटला. ती रडलीसुद्धा नाही, तिला खेळ वाटला. बाबांच्या तोंडाकडे मी बघितलं तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते. ते माझ्या थोडं डावीकडे, तुळशीकडे बघत होते आणि तुळशीलाच म्हणाले, "निसटली गं हातातून. लागला काय?"

त्या रात्रीपासून मी त्यांच्यावर डोळा ठेवला. मला ते जमतं. कुणी बाजूने आलं की ते दचकायचे. काही बघायचं तर कोंबडीसारखी सगळी मान फिरवायचे. ताटातली उजवीकडची भाजी तशीच राहायची, आई म्हणायच्या तोंडाला चव राहिली नाही. एकदा मी त्यांच्या उजव्या कानाशेजारी हात नेऊन बोटं हलवली. काही नाही. मग डोळ्यांच्या रेषेत आणला, तेव्हा म्हणाले, "काय गं, माशी हाय काय?"

मी शालूला घेऊन मॅटिनीला गेले. मला वाटलं होतं की तिथे ते पायऱ्यांवरून पडतानाच दिसतील. काळोखात बाबा एका म्हाताऱ्या जोडप्याला घेऊन उलटे उतरत होते. बावीस पायऱ्या. अंगठा चकतीवर. "सी. आत पयली." एक पाऊल चुकलं नाही. तिथे काळोखात आम्ही सगळे आंधळे होतो आणि वाट फक्त त्यांना माहीत होती.

मध्यंतरात ते बाळखोलीत आले. मी दार लावून घेतलं.

"बाबा, किती दिवसांपासून दिसत नाही?"

ते खुर्ची चाचपत बसले. 

"उजवा गेला दोन वर्साखाली," म्हणाले. "डावा हाय. पन नळीतनं बगतो तसा. तू बग, मुठीची नळी करून बग. तसा."

मी मुठीची नळी करून बघितली. शालूचं नाक दिसलं, हात दिसले नाहीत.

नवरात्रात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. घरी सांगितलं, शालूला देवी दाखवायला टेंभी नाक्याला जातोय. नाक्यावरच्या गर्दीत बाबांनी शालूचं बोट धरलं होतं आणि मला एकदम दिसलं की कोण कोणाला नेतंय. तीन वर्षांची पोर लोकांच्या पायांमधून वाट काढत होती आणि ते तिच्या मागून चालत होते.

डॉक्टर तरुण होते, माझ्याच वयाचे. काचबिंदू, म्हणाले. गेलेलं परत येत नाही. उरलेलं वाचवायचं तर थेंब आजपासून आणि ऑपरेशन महिन्याभरात. "इतके दिवस लक्षात कसं आलं नाही?" त्यांनी मला विचारलं, रागानेच. "आजोबा काय काम करतात?"

"अंदारात काम करतो," बाबा म्हणाले. डॉक्टरांना वाटलं चेष्टा करतायत.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, आज रात्रीच गणेशला सांगते. बाबा जिन्यात थांबले. कठड्याला धरून, पण ताठ.

"सूनबाय, दिवाळीला थेटर बंद होनार. शेठनी सांगितलाय. वीस दिवस. गनूला कळला तर उद्यापासनं मना घरात बसवल. नायतर कोनाला तरी संगती देल, हात धराला. छत्तीस वर्सं मी लोकांना खुर्चीवर नेऊन बसवला. शेवटचे वीस दिवस मना कोनी धरून नेताना नको बगाला. दिवाली झाली की तू म्हनशील त्या हास्पिटलात झोपतो."

मी हिशेब केला. वीस दिवस महिन्यात बसत होते. मी हो म्हटलं.

पण मी एक अट घातली, सोबतीची. शालूला ठाण्याच्या बालवाडीत घातलं. कळव्यात दोन बालवाड्या असताना ठाण्याची कशाला, म्हणून आई आठ दिवस बोलत होत्या. रोज अकराला आम्ही तिघं पूल ओलांडायचो, मध्ये शालू. बाबा तिचं बोट धरून चालायचे, रस्त्याने कुणी हात केला की मी हळूच सांगायचे, "डावीकडे, पोपटकाका," आणि बाबा तोंडभर हसून हात वर करायचे. गावात म्हणू लागले, सून सोबत यायला लागल्यापासून काळुराम सुधारला. थेंबाची बाटली माझ्या पर्समध्ये असायची. खेळ सुरू व्हायच्या आधी हंसाच्या आडोशाला उभं करून मी थेंब घालायचे.

दिवाळी आली. थेटर बंद झालं नाही. जागेचे कागद अडकलेत, महिपतराव म्हणाले, नाताळपर्यंत चालवा. बाबांचा चेहरा असा फुलला की मला राग यायच्याऐवजी रडू आलं. मी म्हटलं, बाबा, महिना झाला. ते म्हणाले, आता अजून एक महिना. नाताळ गेला. मग म्हणे संक्रांत. मग म्हणे मार्चअखेर. प्रत्येक वेळी महिपतराव फळ्यावर खडूने लिहायचे, 'शेवटचे पंधरा दिवस', आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की पंधराच दिवस तर आहेत, एवढ्यासाठी शब्द कशाला मोडायचा.

कितीदा तरी मी गणेशशी बोलायला तोंड उघडलं. एकदा तर म्हणालेसुद्धा, "अहो, बाबांचे डोळे जरा दाखवायला हवेत."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल," तो टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला. "थेटर बंद होऊ दे. मग एकदाच काय ते करू."

त्यानेही तेच म्हटलं. मग मी गप्प बसले. आज वाटतं, तिथे ओरडायला हवं होतं. घरातल्या बादल्या उपड्या करून ठेवणारी मी, हे एक झाकण उघडं आहे हे सात महिने बघत राहिले. डॉक्टरांकडे फेब्रुवारीत पुन्हा गेले, एकटीच, बाबा येईनात. ते म्हणाले, "पेशंटला आणा, मी तुमच्याशी बोलून काय करू?"

शेवटी एप्रिलच्या शेवटच्या रविवारचा खेळ खरोखरच शेवटचा ठरला. बाराचा. शेठनी कुठूनतरी तीस वर्षांपूर्वीचं एक चित्र मागवलं होतं, जे इथे पंचवीस आठवडे चाललं होतं. फळ्यावर महिपतरावांनी नेहमीच्या खडूने लिहिलं नाही, रंगाऱ्याकडून रंगवून घेतलं.

आणि माणसं लोटली. खारकर आळीतून, कळव्यातून, कल्याणहून जुनी माणसं मुलांना, नातवंडांना घेऊन आली. एवढी वर्षं कुठे होती कुणास ठाऊक. बाल्कनी भरली, पायऱ्यांवर लोखंडी जादा खुर्च्या टाकल्या, त्यांच्यामध्ये लोकांनी पिशव्या ठेवल्या, पोरं बसली. बाबांच्या बावीस पायऱ्यांतल्या सात-आठ नाहीशाच झाल्या.

आम्ही सगळे गेलो होतो. आईंनी पैठणी नेसली होती. मी बाळखोलीतून खाली बघितलं. बाबा दाराशी उभे होते, खाकी शर्टाला इस्त्री केलेली. हातात तिकीट यायचं, ते डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरायचे, मागची रांग ओरडायची. मी शालूला गणेशच्या मांडीवर दिलं. असं मी कधी देत नाही, तो बिचकलाच. मी खाली जाऊन बाबांच्या डाव्या अंगाला उभी राहिले.

"एफ अकरा," मी पुटपुटले.

"एफ! आत अकरावी!" बाबा गरजले.

"बी दोन."

"बी! खालपर्यंत जा, पयल्याच!"

असं अर्धा तास चाललं. मी वाचायचे, ते म्हणायचे. लोकांना वाटलं सून मदत करतेय, कौतुकाने बघत होते. एक बाई म्हणालीसुद्धा, "बघ, शिकलेली असून कशी उभी राहिलीय." मला वाटायला लागलं की निभेल. तीन तास निभले की झालं.

घंटा झाली. कमळाच्या राहिलेल्या पाकळ्या विझायला लागल्या, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि वर काचेच्या मागे शालूने भोकाड पसरलं. आवाज येत नव्हता, नुसतं उघडं तोंड दिसत होतं. मी धावत वर गेले, बाळखोलीचं दार मागे उघडंच राहिलं. तेवढ्यात पोपट त्याच्या बायकापोरांना घेऊन उशिरा आला.

बाबा बॅटरी घेऊन उलटे उतरू लागले. चौथ्या पायरीवर मागे लोखंडी खुर्ची होती. तिच्यावरच्या बाईच्या मांडीवर ते बसलेच जवळजवळ. बाई किंचाळली. बाबांनी सावरलं, चकती चाचपली, पोपटच्या सगळ्या कुटुंबाला एका भरलेल्या रांगेत घातलं. आतून आरडाओरडा झाला. "अरे, इकडे बसलोय आम्ही! दिसत नाही काय?"

पोपट मोठ्याने म्हणाला, सगळ्या बाल्कनीला ऐकू जाईल असं, "काय दादा, जमिनीबरोबर डोले पन विकले काय?"

लोक खो खो हसले. बाबाही हसले. "डोले नाय विकले," म्हणाले, "भाड्यानं दिलेत. ये, मागं हाय तुझी रांग." आणखी हशा झाला. माझ्या शेजारी आईसुद्धा हसल्या. मी काचेला हात लावून उभी होते.

मग चित्र सुरू झालं आणि सगळे त्याच्यात बुडाले. बाबा पूर्ण वेळ दाराशी, पडद्याकडे तोंड करून उभे होते. चेहऱ्यावर उजेड हलत होता. मला त्या वेळी बरं वाटलं, की निदान हे तरी त्यांना दिसतंय.

तीन वाजता खेळ संपला. बाहेरची दारं उघडली, उन्हाचा लोट आत आला. लोक जिन्यावर एकमेकांना ढकलत उतरत होते, कुणी हंसांवर हात फिरवत होतं. गणेश खाली पोपटशी बोलायला गेला. शालू माझ्या मांडीवर झोपली होती आणि गर्दीच्या जिन्यावरून मी मूल घेऊन उतरत नाही, म्हणून मी आणि आई बाळखोलीतच थांबलो. गर्दी गेली. दारं एकेक करून लागली. महिपतरावांना वाटलं वर कुणी नाही. त्यांनी मेन स्विच पाडला.

भर दुपारी तिथे असा काळोख झाला की स्वतःचा हात दिसेना. शालू जागी झाली. आई म्हणाल्या, "अगं बाय, आता कसा उतराचा?"

खालून बाबांचा आवाज आला. "हलू नका. मी आयलो."

पावलं वर येताना ऐकू आली. ठाम, एकसारखी. दार उघडलं. बटणाचा टक् आवाज झाला.

"चला. पायाशी बगा. खुर्च्या ठेवल्यात मदी, त्या मी बाजूला केल्यात."

आम्ही बाहेर आलो आणि उभ्या राहिलो. उजेड नव्हता. मला वाटलं आता लागेल. बाबा उलटे एक पायरी उतरले, मग दुसरी. "आवडा, साडी उचल. सूनबाय, पोर घट धर. ही पायरी फुटलीय, कडेला नको."

मला समजलं. एका क्षणात नाही, दोन पायऱ्या उतरल्यावर समजलं. दारात त्यांनी बटण दाबलं ते नीट लागलंच नव्हतं, आणि बॅटरी लागली की नाही हे त्यांना दिसत नव्हतं. मी पायाने चाचपत उतरत राहिले. आईंचा हात मागून माझ्या खांद्यावर होता. मनात एकच होतं, आणखी वीस पायऱ्या. कुणी बोलू नका.

"आजोबा," शालू म्हणाली, "बॅटरी लावा ना."

बाबा थांबले. "लावलीय ना बाय."

"नाही लावली."

टक्. पिवळा उजेड पायरीवर पडला. आईंची पैठणी, माझ्या चपला, फुटलेला कोपरा. बाबा तसेच उभे.

"आता?"

"आता लागली," शालू म्हणाली.

त्यांनी विश्वास ठेवला नसावा. पोर आहे, काहीही सांगेल. त्यांनी बॅटरी वळवली आणि स्वतःच्या तोंडावर धरली. छत्तीस वर्षांत त्यांनी कुणाच्या तोंडावर उजेड मारला नव्हता. चार बोटांच्या अंतरावरून तो त्यांच्या उघड्या डाव्या डोळ्यात गेला, मग उजव्या. पापणी हलली नाही.

"लागली काय गं, उत्तरा?"

मला नावाने त्यांनी कधी हाक मारली नव्हती.

"लागली, बाबा," मी म्हटलं.

माझ्या खांद्यावरचा आईंचा हात निघाला. मला वाटलं त्या ओरडतील, मला विचारतील, तुला ठाऊक होतं काय. त्या माझ्या बाजूने पुढे आल्या, पैठणी पायरीवर लोळत. त्यांनी बाबांच्या तोंडासमोरून बॅटरी खाली केली आणि त्यांचं मनगट धरलं.

"वळा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सरळ चला आता. मी धरलाय."

बाबांनी मान हलवली. मनगट सोडवून घेतलं नाही, पण जागचे हलले नाहीत.

"सरळ मना नाय येत गं इथं," ते म्हणाले.

मग आई त्यांचं मनगट धरून वरच्या पायरीवर, ते खालच्या पायरीवर, पाठ पडद्याकडे, असे ते दोघं उतरू लागले. मी शालूला घट्ट धरून मागे. बाबा अंगठ्याने एकेक चकती चाचपत सांगत होते. एच. जी. एफ.